शंख, ओठ आणि कंठ : पायासिसुत्तातील एका दृष्टांताच्या निमित्ताने

दीघनिकायाच्या महावग्गातील पायासिसुत्त आमच्या अभ्यासवर्गात वारंवार वाचले जाते. सेतव्या नगरीचा अधिपती पायासि राजन्य आणि नगराच्या उत्तरेस शिंसपावनात उतरलेले आयुष्मान कुमारकस्सप यांचा हा संवाद होय. परलोक नाही, कर्माला फळ नाही, असे पायासिचे मत होते. हे मत आपण नुसत्या तर्काने नव्हे, तर प्रयोगाने पडताळले आहे, असा त्याचा दावा होता. देहान्ताची शिक्षा झालेल्या चोराला त्याने मडक्यात कोंडले, तोंड ओल्या चामड्याने व मातीने लिंपून मडके तापविले आणि उघडताना जीव बाहेर पडतो काय ते पाहिले. दुसऱ्याचे वजन मरणापूर्वी आणि मरणानंतर करून पाहिले. तिसऱ्याला अंगावर जखम न होईल अशा रीतीने मारविले व त्याचे प्रेत उलटेपालटे करून, हाताने, ढेकळाने, दंड्याने व शस्त्राने ठोकून जीव कुठून निघतो याचा शोध केला. डोळा होता तो तसाच होता, कान तसाच होता, जीभ तशीच होती. पण प्रेत काही पाहीना, ऐकेना, चाखेना.

यावर कुमारकस्सपांनी जे उत्तर दिले ते असे. एक शंख फुंकणारा सीमेवरच्या एका खेड्यात गेला. गावाच्या मध्यभागी उभे राहून त्याने तीन वेळा शंख फुंकला आणि शंख जमिनीवर ठेवून तो बाजूला बसला. लोक जमले. एवढा मोहक आवाज कोणाचा, असे त्यांनी विचारले. शंखाचा, असे कळताच त्यांनी तो शंख उताणा केला आणि ‘शंखमहाराज, बोला’ म्हणून विनवू लागले. मग पालथा केला, एका कुशीवर, दुसऱ्या कुशीवर केला, उभा धरला, उलटा धरला, ठोकला, हलविला. शंख गप्पच. तेव्हा त्या माणसाला त्या भोळ्या लोकांची कीव आली. त्याने शंख उचलून पुन्हा तीन वेळा फुंकला आणि तो निघून गेला. तेव्हा कोठे लोकांना उमगले की शंखाच्या सोबत माणूस असेल, प्रयत्न असेल आणि वारा असेल, तेव्हाच शंख वाजतो, एरव्ही नाही. तसाच हा देह आयु, उष्मा आणि विज्ञान यांच्या सोबत असेल तरच चालतो, बोलतो, जाणतो.

दृष्टांत सुबोध आहे, म्हणूनच फसवा आहे. आम्ही स्वतः कित्येक वर्षे तो असा सांगत आलो की, शंख म्हणजे देह आणि फुंकणारा म्हणजे त्यातील चित्त. एकदा वर्गातील एका तरुण श्रोत्याने शांतपणे विचारले, ‘मग फुंकणारा शंख टाकून निघून गेला, तसा हा आतला कोणी देह टाकून निघून जातो, असेच ना? याला आत्मा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?’ आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले ते त्याच्या समाधानाचे नव्हते आणि खरे सांगायचे तर आमच्याही नव्हते. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना आम्हांस एका अनपेक्षित दिशेने जावे लागले. शंख वाजतो म्हणजे नेमके काय घडते, आणि माणूस बोलतो किंवा गातो तेव्हा कंठात जे घडते त्याच्याशी याचे नाते काय, याचा विचार करावा लागला. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा वृत्तान्त आहे.

शंखात स्वतःचे असे कंप पावणारे काही नाही. बासरीत फुंकेची धार छिद्राच्या काठावर आदळून स्वर निघतो. सनईत तोंडाशी बसविलेली पात थरथरते. शंखाला ना तशी पात, ना तसे छिद्र. भारतीय शंखाचे निमुळते टोक छाटले की आत वळत वळत रुंदावत गेलेली एक पोकळ नळी हाती येते, इतकेच. त्या टोकाला ओठ आवळून लावले आणि हवा दाबली की थरथरतात ते फुंकणाऱ्याचे ओठ. पात शंखाला नाही, ती माणसाच्या मुखात आहे. तुतारी, शिंग, कर्णा, आणि इंग्रजी अमदानीत आलेला बिगुल व ट्रंपेट ही सर्व याच कुळातील वाद्ये. हे कूळ फार जुने आहे. फ्रान्समधील मार्सुला गुहेत सापडलेला, सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचा, टोक छाटलेला एक शंख २०२१ मध्ये संशोधकांनी एका वादकाकडून पुन्हा वाजवून घेतला. त्यातून तीन स्वर निघाले, सेकंदाला २५६, २६५ आणि २८५ कंपनांचे.

पालि वाङ्मयात शंख फुंकणारा म्हणजे ‘संखधम’ ठिकठिकाणी भेटतो. तेविज्जसुत्तात मैत्रीभावना चारी दिशांना कशी व्यापते हे सांगताना बलवान संखधमाची उपमा योजली आहे. तो फारसे कष्ट न घेता चारी दिशांना आपला आवाज पोहोचवितो. जातकट्ठकथेतील साठाव्या जातकात शंख फुंकणे हा कुळाचा धंदा म्हणून येतो. बाप आणि मुलगा वाराणसीच्या उत्सवात शंख वाजवून पैसा मिळवितात, परतताना चोरांच्या रानात बाप मुलाचे न ऐकता सारखा फुंकत राहतो आणि मिळविलेले गमावतो. सांचीच्या पहिल्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर परदेशी वेषातील भक्तांचा जो प्रसिद्ध शिल्पपट आहे, त्यात जोडपावा वाजविणाऱ्यांच्या बरोबरीने उंच उभारलेली, वळलेल्या तोंडांची लांब शिंगे फुंकणारे वादक आहेत. आपल्याकडे लग्नात व मिरवणुकीत तुतारी ज्या ऐटीत धरतात ती ऐट तेथेही ओळखू येते. तात्पर्य, सुत्तकारांनी दृष्टांतासाठी निवडलेली वस्तू श्रोत्यांच्या नित्य परिचयाची होती.

आता कंठाकडे वळू. मानवी आवाजाचा विचार भारतात फार लवकर आणि फार बारकाईने झाला, हे मान्य केले पाहिजे. वैदिक प्रातिशाख्यांना हे ठाऊक होते की कंठ आवळलेला असता नाद उत्पन्न होतो आणि मोकळा असता केवळ श्वास. घोष व अघोष वर्णांचा भेद त्यांनी यावर उभारला. कच्चायनाचे पालि व्याकरणही हा भेद स्वीकारते, आणि दुसऱ्यांच्या संज्ञा प्रयोजन असेल तेथे घ्याव्यात असे मोकळेपणाने सांगते. हा प्रांजळपणा आम्हांस नेहमीच भावला आहे. वाचकांनी गळ्याच्या उंचवट्यावर बोट ठेवून ‘बुद्धं’ हा शब्द सावकाश उच्चारावा. आरंभापासून अखेरपर्यंत बोटाखाली थरथर चालू राहील, कारण त्यातील प्रत्येक वर्ण घोष आहे. ‘तथागत’ म्हणताना मात्र ती थरथर त, थ आणि पुन्हा त या ठिकाणी तुटेल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैयाकरणांनी एवढे अचूक ओळखले होते.

परंतु आवळलेल्या कंठात नेमके काय थरथरते, हे त्यांनी पाहिले नव्हते. पाहण्याचे साधनही नव्हते. म्हणून ही जागा उपमेने भरून निघाली, आणि ती उपमा वीणेची होती. शिक्षाग्रंथांत आणि नाट्यशास्त्रात माणसाच्या देहालाच वीणा म्हटले आहे. एक लाकडाची वीणा, दुसरी शरीराची. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा महाग्रंथ रचला. तो संगीताचा पंडित तर होताच, वैद्यकही जाणत होता. पहिल्या अध्यायात त्याने गर्भापासून आरंभ करून देहाची घडण सांगितली आहे. नाभीतून उठणारा वायू व अग्नी हृदय, कंठ आणि मूर्धा या स्थानांत चढत जाऊन नाद कसा होतो, हृदयाशी जोडलेल्या बावीस नाड्यांतून बावीस श्रुती कशा उमटतात, हे सारे त्यात आहे. या नाड्या म्हणजे पुन्हा तारांचीच कल्पना. मग सहाव्या, वाद्यांच्या अध्यायात वंश, पाव, मुरली यांच्या पाठोपाठ काहला, तुंडकिनी, चुक्का, शृंग आणि शंख ही फुंकवाद्ये येतात. कंठ पहिल्या अध्यायात आणि शंख सहाव्यात. दोन्ही एकाच मेधावी पुरुषाच्या हाताखालून गेले, पण दोहोंतील सख्खे नाते त्याच्या लक्षात आले नाही. याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. तार दिसते, छेडता येते, मोजता येते. ओठांची थरथर वाजविताना हाताने आणि तोंडीने झाकलेली असते.

युरोपातही हीच भूल पडली आणि ती पुष्कळ काळ टिकली. १७४१ मध्ये आंत्वान फेरँ या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध मांडला. त्याने मृत कुत्र्यांची व मृत माणसांची स्वरयंत्रे घेतली, आतील पाळ्या हाताने एकमेकींजवळ आणल्या आणि श्वासनलिकेतून हवा फुंकली. मृताच्या कंठातून स्वर निघाला! पायासिने हे पाहिले असते तर त्याची काय अवस्था झाली असती, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. फेरँचा प्रयोग खरा होता. पण अर्थ लावताना त्याने तारवाद्याचा आधार घेतला. पाळ्यांच्या कडा म्हणजे तारा आणि वारा म्हणजे त्यांवरून फिरणारा गज, असे त्याने म्हटले, आणि त्यांना जे नाव दिले त्याचा अर्थ ‘आवाजाच्या दोऱ्या’ असा होतो. मराठीतील ‘स्वरतंतू’ हा शब्द त्याच परंपरेतला. वस्तुतः ते तंतू नव्हेतच. त्या स्नायूवर मऊ, ओलसर आवरण चढलेल्या दोन घड्या आहेत, प्रौढ पुरुषात जेमतेम दीड ते दोन सेंटीमीटर लांबीच्या, स्त्रियांत त्याहून लहान. शब्द रूढ असल्याने आम्हीही पुढे तोच वापरत आहोत, मात्र वाचकांनी तार मनातून काढून टाकावी.

पुढच्या शतकात योहानेस म्युलर याने मृत स्वरयंत्राला वजने टांगून ताण बदलत स्वर मोजले. मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये सूर्यप्रकाश आणि दंतवैद्याचा छोटा आरसा एवढ्या साहित्यावर स्वतःचाच गाता कंठ डोळ्यांनी पाहिला. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने खरा टप्पा १८६३ चा. त्या वर्षी हेर्मान हेल्महोल्ट्झ याचा स्वरसंवेदनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने वाऱ्याने थरथरणाऱ्या पडदेवजा जिभांचा एक वर्ग केला आणि त्या वर्गात दोनच गोष्टी विचारात घेतल्या : पितळी वाद्य फुंकणारे माणसाचे ओठ आणि गाणाऱ्या माणसाचा कंठ. कंठाची जात वीणेची नव्हे, शंख फुंकणाऱ्या ओठांची आहे, हे येथे प्रथम शास्त्राच्या भाषेत स्पष्ट झाले.

हे साम्य आणि त्यातला भेद समजण्यासाठी नवी मुंबईसारखी जागा शोधून सापडणार नाही. येथील जुन्या आगरी-कोळी गावठाणांत हळदीच्या रात्री ब्रास बँड वाजतो. त्याचा ट्रंपेट कोळीगीताची लकेर घेऊ लागला की चार इमारतींपलीकडे झोप येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वस्तीतल्या विहारात वंदनेचा सामुदायिक स्वर उठतो. एक आवाज ओठांचा, दुसरा कंठाचा. बँडवाला ओठ ओले करून नुसतेच फुरफुरवतो तेव्हा फुर्रर्र असा बेसूर आवाज होतो. तोच फुरफुराट ट्रंपेटच्या तोंडीत गेला की स्वर होतो.

दोन्ही ठिकाणी घडते ते असे. मऊ मांसाच्या दोन कडा एकमेकींना टेकलेल्या आहेत. मागून हवेचा दाब वाढतो आणि कडा विलग होतात. हवेचा एक झोत निसटतो, दाब घटतो, आणि मांसाची लवचीकता कडांना परत ओढते. फट मिटते; दाब पुन्हा साठतो. पुरुषाच्या सामान्य बोलण्यात हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा घडते, स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. केवळ एवढ्याने मात्र कंपन टिकले नसते. घर्षणाने ते दोन-चार हेलकाव्यांत थांबले असते. झोपाळा हलत राहावा म्हणून योग्य क्षणी धक्का लागतो, तसा प्रत्येक आवर्तनात वाऱ्याने कडांना थोडे बळ द्यावे लागते. कंठात ते असे मिळते : स्वरतंतूंची खालची कड आधी उघडते, वरची मागाहून, मिटतानाही खालची आधी मिटते. म्हणजे उघडताना वाट वरच्या बाजूला चिंचोळी आणि मिटताना वरच्या बाजूला पसरट असते. पहिल्या अवस्थेत हवेचा दाब कडांना जास्त रेटतो, दुसऱ्या अवस्थेत कमी. या फरकातून प्रत्येक आवर्तनाला थोडी शक्ती जमा होते. एवढ्या बारीक मांसातून लाटेसारखी सरकणारी ही हालचाल नुसत्या डोळ्यांना दिसणे अशक्य होते. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अतिशीघ्र चित्रपटाने ती दिसू लागली. १९४२ मध्ये डॅनिएल मार्टिन याने कॉर्नेटच्या तोंडीतील ओठांच्या कंपनांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

आता भेद. शंख फुंकणाऱ्याच्या ओठांना पाहिजे तो स्वर काढता येत नाही. शंखाच्या पोकळीत कोंडलेल्या हवेचा स्वतःचा असा एक वेग असतो. ती हवा पुढे-मागे हेलकावते आणि ओठांना आपल्या तालावर उघडायला-मिटायला लावते. म्हणून शंखाचा स्वर एक, कसबी वादकाला फार तर आणखी एखादा. तुतारीला मोजके स्वर. मधल्या जागा तिला वर्ज्य. पडदे किंवा कळा नसलेल्या नळीत ओठ एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारतात, मींड घेऊ शकत नाहीत. कंठात उलट आहे. स्वरतंतूंच्या वरची घशाची-तोंडाची वाट पुरुषात सुमारे सतरा सेंटीमीटर. तिच्यातील हवेचा पहिला स्वाभाविक स्वर सेकंदाला पाचशे कंपनांच्या घरात, म्हणजे बोलणाऱ्या स्वरतंतूंच्या कितीतरी वर. त्यामुळे ती पोकळी स्वरतंतूंवर क्वचितच सत्ता गाजविते. ती केवळ रंग देते, अ-इ-उ असे वेगळे करते. स्वर ठरवितात स्वरतंतू स्वतः, आपल्या ताणाने आणि जाडीने. शंखात नळी धनी आणि ओठ चाकर. कंठात पाळ्या धनी आणि नळी चाकर. मींड, गमक, वंदनेतील तो सलग वाहणारा स्वर, हे सर्व याच उलटापालटीमुळे शक्य झाले. श्रमातही अंतर आहे. साध्या बोलण्याला पाच ते दहा सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब पुरतो. ट्रंपेटच्या उंच स्वरांना त्याच्या दसपट आणि कधी त्याहूनही अधिक लागतो. हळदीच्या बँडमधील वादकाच्या गालफडांवरील शिरा पाहणाऱ्यास हे आकडे सांगावे लागत नाहीत.

येथे मूळ प्रश्नाचा धागा पुन्हा हाती घेऊ. सेकंदाला दोनशे वेळा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या या कडांना प्रत्येक वेळी ‘उघड’, ‘मीट’ अशी आज्ञा कोण देते? हा प्रश्न आम्ही कल्पनेने उभा केलेला नाही. १९५० मध्ये राऊल ह्युसाँ या फ्रेंच संशोधकाने असे प्रतिपादिले की, स्वरतंतूंचे प्रत्येक कंपन हे मेंदूकडून मज्जातंतूद्वारे आलेल्या स्वतंत्र स्पंदनाचे फळ आहे. वारा केवळ आवाज बाहेर वाहून नेतो. काही वर्षे या मताचा बराच गाजावाजा झाला. पण उंच स्वरात सेकंदाला हजार कंपने होतात. इतक्या वेगाने मज्जातंतू एकामागून एक आज्ञा देऊ शकत नाही. शिवाय फेरँचे मृत स्वरयंत्र तर होतेच. त्याला कोणता मेंदू आज्ञा देत होता? १९५८ मध्ये यानविलेम फान डेन बेर्ख या डच शास्त्रज्ञाने स्नायूंची लवचीकता आणि वाऱ्याची गती या दोहोंच्या संयोगातूनच कंपन उत्पन्न होते, हे साधार मांडले आणि ह्युसाँचे मत मागे पडले. २०१२ मध्ये बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात नैसर्गिकरीत्या मृत्यू पावलेल्या हत्तिणीच्या स्वरयंत्रातून हवा सोडून, माणसाला ऐकूही न येणारा तो सुप्रसिद्ध खर्ज पुन्हा निर्माण करण्यात आला. मेंदू नाही, मज्जातंतू नाही. आवळलेले मांस आणि वारा.

बौद्ध वाचकाने येथे घाईने टाळ्या वाजवू नयेत. कारण ह्युसाँसारखे मत आपल्याही परंपरेत आहे, निदान त्याच्या जवळ जाणारे. धम्मसंगणीवरील अट्ठसालिनी ही अट्ठकथा वाचेच्या उत्पत्तीविषयी सांगते की, चित्तातून उत्पन्न झालेली पृथ्वीधातू उच्चारस्थानातील कर्मज पृथ्वीधातूवर आदळते आणि त्या घट्टनातून शब्द होतो. पु. वि. बापट आणि रा. द. वाडेकर यांनी संपादिलेली अट्ठसालिनीची देवनागरी आवृत्ती पुण्यास भांडारकर संस्थेने १९४२ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे मार्टिनचा ओठांवरील निबंध निघाला त्याच वर्षी. त्या पुस्तकातील हे विवेचन वाचताना मन दोन्ही बाजूंनी ओढले जाते. घनाचे घनावर आदळणे ही गोष्ट त्यात अचूक पकडली आहे. कंठातल्या कडा खरोखरच प्रत्येक आवर्तनात एकमेकींवर आदळतात. पण तो आघात चित्ताने घडविलेला, हे म्हणणे प्रत्येक कंपनाच्या बाबतीत टिकत नाही. आमच्यातील काही उत्साही मंडळी, सगळे विज्ञान त्रिपिटकात आधीच होते, असे सांगत फिरतात. त्यांना आमची विनंती आहे की त्यांनी अट्ठसालिनीचा हा भाग आधी वाचावा. आचार्यांना जे उपलब्ध होते त्यावरून त्यांनी सूक्ष्म विचार केला. तो काही ठिकाणी बरोबर निघाला, काही ठिकाणी नाही. त्यात त्यांचा अवमान कसला?

सुत्तांची भाषा याहून सावध आहे. चूळवेदल्लसुत्तात भिक्षुणी धम्मदिन्ना विशाखाला सांगते की आश्वास-प्रश्वास हे कायसंस्कार आणि वितर्क-विचार हे वाचासंस्कार, कारण माणूस आधी मनात विचार करतो आणि मग वाणी फुटते. आधी विचार, मग वाणी. प्रत्येक थरथरीमागे विचार, असे ती म्हणत नाही. मिलिंदपञ्हातील एक प्रसंग तर आमच्या प्रश्नाला थेट भिडतो. राजा मिलिंदाचा अमात्य अनंतकाय नागसेनाला विचारतो की ‘नागसेन’ म्हणजे कोण. आत जो वायू येतो-जातो तो जीव, तोच नागसेन, असे त्याचे स्वतःचे उत्तर. यावर नागसेन म्हणतात, शंख फुंकणारे शंख फुंकतात, पावा वाजविणारे पावा, शिंग वाजविणारे शिंग. त्यांचा बाहेर गेलेला वारा परत येतो काय? नाही. मग ते मरत का नाहीत? अनंतकाय निरुत्तर होतो. वारा म्हणजे जीव नव्हे, ती देहाची एक क्रिया आहे. म्हणजे कुमारकस्सपांच्या दृष्टांतात जो वारा शंखाला बोलता करतो, त्याला कोणी आत्मा समजेल ही अडचण परंपरेने ओळखली होती, आणि उत्तर देताना पुन्हा शंख फुंकणाराच पुढे आणला.

राहतो तो ‘माणूस’. दृष्टांतात तीन गोष्टी सांगितल्या : माणूस, प्रयत्न, वारा. तरुण श्रोत्याचा रोख पहिलीवर होता. आता शंख वाजत असताना तो माणूस नेमके काय करतो ते पाहू. तो ओठ आवळतो, त्यांना एका ताणात ठेवतो, आणि छातीतून दाब देतो. यापलीकडे त्याच्या हाती काही नाही. ओठांची प्रत्येक उघडझाप तो करीत नाही. करू म्हटले तरी त्याला जमणार नाही. ओठांचे मांस, फुंकेचा दाब, शंखातील हवेचा हेलकावा हे सारे जुळून येते तेव्हा आवाज होतो, आणि यातील एक जरी गळले तरी होत नाही. ‘कोण वाजवितो’ या प्रश्नाला जमिनीवर ठेवलेल्या शंखात उत्तर नाही, तसे फुंकणाऱ्यातही एका जागी बोट ठेवून दाखविता येत नाही. संयुत्तनिकायात मोळियफग्गुन भिक्षू भगवंतांना विचारतो, ‘स्पर्श कोण करतो? वेदना कोणाला होते?’ तेव्हा भगवान त्याला सांगतात की प्रश्नच नीट विचारलेला नाही. कशाच्या प्रत्ययाने वेदना होते, असे विचार. कुमारकस्सपांनी दृष्टांताचा उपनय करताना ‘माणूस’ या शब्दाच्या जागी कोणी भोक्ता बसविलेला नाही. आयु, उष्मा, विज्ञान अशी तीन प्रत्ययांची नावे घेतली आहेत, आणि विज्ञानही प्रत्ययांवाचून उत्पन्न होत नाही हे मज्झिमनिकायात साति भिक्षूच्या प्रसंगी निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आम्ही शंख म्हणजे देह आणि फुंकणारा म्हणजे चित्त अशी जी एकास एक जोडी लावत होतो, ती सुत्तात नाही. ती आमची भर होती.

अर्थात ओठांच्या आणि स्वरतंतूंच्या कंपनांवरून अनात्म सिद्ध होते, असेही आम्ही म्हणत नाही. ध्वनिशास्त्राचे ते कामच नव्हे. दृष्टांतातील वाद्य कसे वाजते हे कळल्याने दृष्टांत कसा वाचू नये, एवढे आम्हांस कळले.

या संदर्भात तिबेटी परंपरेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण ओठ आणि कंठ तेथे एकाच विधीत समोरासमोर येतात. माणसाच्या उंचीहून लांब पितळी-तांब्याचे कर्णे आणि शंख एकीकडे, आणि ग्युतो मठाच्या भिक्षूंचे खोल पठण दुसरीकडे. १९५९ नंतर भारतात आश्रयास आलेल्या या भिक्षूंचे पठण धर्मांचे अभ्यासक हस्टन स्मिथ यांनी ध्वनिमुद्रित केले. एकच भिक्षू एकाच वेळी दोन स्वर गातो आहे असे त्यांना ऐकू येत होते, त्यावर कोणाचा विश्वास बसेना. १९६७ मध्ये ध्वनितज्ज्ञ केनेथ स्टीव्हन्स आणि रेमंड टॉमलिन्सन यांच्यासह त्यांनी त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. (हे टॉमलिन्सन म्हणजे ज्यांच्या नावावर पुढे ई-मेल जमा झाला तेच.) खर्जाच्या वर त्याचा पाचवा उपस्वर तोंडाच्या पोकळीने इतका उचलून धरला होता की तो वेगळा स्वर भासत होता. खर्जाच्या या खोलीचे रहस्य पुढे आणखी उलगडले. अशा प्रकारच्या खर्जगायनात खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या, एरव्ही निमूट पडून राहणाऱ्या दुसऱ्या दोन घड्याही थरथरू लागतात आणि स्वरतंतूंच्या दर दुसऱ्या कंपनाला साथ देतात, त्यामुळे स्वर एक सप्तक खाली उतरतो. माणसाच्या गळ्यात ओठांची जणू आणखी एक जोडी आहे, आणि साधनेने ती बोलू लागते.

पायासिचे मात्र शंखाने समाधान झाले नाही. सुत्त पुढे सांगते की त्याने आणखी एका चोराची त्वचा सोलविली, मग मांस, मग स्नायू, मग हाडे फोडविली, मज्जा काढविली, आणि जीव कोठे दिसतो ते पाहिले. तेव्हा कुमारकस्सपांनी त्याला अग्निपूजक जटिलाच्या पोराची गोष्ट सांगितली. अग्नी विझला तर या अरणीतून पुन्हा काढ, असे सांगून जटिल बाहेर गेला होता. पोर खेळात रमले आणि अग्नी विझला. मग त्याने कुऱ्हाड घेऊन अरणी फोडली. दोन तुकडे केले, तीन केले, दहा केले, शंभर केले, ढलप्यांचा उखळात भुगा केला आणि तो भुगा वाऱ्यावर उधळला, आत कोठे अग्नी सापडतो का ते पाहण्यासाठी.